कनान नावाची खोली

एसीनाम गेल्याचं कळलं त्या दिवशी अग्बेको कांद्याच्या वाफ्यांना पाणी घालत होता. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी, एवढीच त्यांच्या गावाची जमीन. त्या वाळूत लहान लाल कांदे होतात आणि सकाळ-संध्याकाळ पाणी मागतात. दोन्ही हातांत झाऱ्या घेऊन तो विहिरीकडे वळला, तर बांधावरून काही माणसं येताना दिसली. पुढे तोग्बे लुमोर, एसीनामच्या घराण्यातले वडीलधारे. सगळा गाव त्यांना तोग्बे, म्हणजे आजोबाच म्हणायचा. मागच्या दोघांनी डोक्यावर खुर्च्या घेतल्या होत्या.

"काय तोग्बे, उन्हाचं इकडं?"

"पाणी घालून घे तुझं," तोग्बे म्हणाले. "मग बसू."

"सांगा की. पाणी काय पळून जातंय?"

"एसीनामला जरा बरं नाही म्हणतात. कुमासीहून ट्रकवाल्याचा फोन होता."

अग्बेकोनं खुर्च्यांकडे पाहिलं. आजारपणाची बातमी सांगायला कुणी शेतात खुर्च्या घेऊन येत नाही. त्यानं झाऱ्या भरल्या, राहिलेला वाफा टोकापर्यंत भिजवला. माणसं उन्हात उभी राहिली, कुणी त्याला घाई केली नाही. मग तो आला, खुर्चीवर बसला, पाय झटकले आणि म्हणाला, "हं. आता खरं सांगा."

एसीनाम दर हंगामात कांद्याच्या जुड्या बांधून कुमासी शहराच्या बाजाराला जायची. ट्रकमधून माल जायचा, मालाबरोबर ती. माल विकेपर्यंत ती ट्रकतळामागच्या 'देवाची वेळच खरी' नावाच्या स्वस्त लॉजमध्ये राहायची. लॉजची मालकीण देवभोळी. तिनं खोल्यांना आकडे न देता बायबलातली नावं दिली होती. एसीनामची खोली ठरलेली होती, कनान. गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी तिनं फोन केला होता. खाली मक्याची गिरणी चालली होती आणि तिला ओरडून बोलावं लागत होतं.

"कनानमध्येच आहे," ती म्हणाली होती. "ऐकू येतंय ना? गिरणी माझ्या उशाखाली ठेवलीय म्हण."

"मग दुसरी खोली माग."

"दुसऱ्या खोलीत झोप लागत नाही. तुझं घोरणं नाही तर गिरणी तरी हवी."

तो हसला होता. सकाळी ती उठली नाही.

ज्या ट्रकमधून कांदे गेले त्याच ट्रकमधून, रिकाम्या गोण्यांच्या मध्ये, तिला आणलं. परक्या जागी प्राण गेलेल्या माणसाचा देह त्यांच्यात घरात नेत नाहीत. गावाबाहेर, माडांच्या पलीकडे, संध्याकाळच्या आत पुरून टाकला. अग्बेकोला तिचं तोंड नीट बघायलाही मिळालं नाही.

त्यानंतर तोग्बे लुमोर त्याच्या उंबऱ्याशी येऊन बसले. त्यांनी जमिनीवर पाणी सोडलं, मेलेल्यांची नावं घेतली. एसीनामचं नाव घेतलं नाही.

"तिचं राहिलं," अग्बेको म्हणाला.

"राहिलं नाही. घेता येत नाही. देह आला, ती आली नाही. ती अजून त्या खाटेवर बसलीय. आपलं माणूस येऊन हाक मारेल म्हणून वाट बघतेय. आणलं नाही त्याचं नाव आपण घेत नाही, बाबा. त्याला पाणी नाही, ताट नाही. शनिवारी माणसं जमतील. त्याआधी तिला घेऊन ये."

आणायचं कसं तेही त्यांनी सांगितलं. तिचंच कमरेचं लुगडं घ्यायचं. जिथं प्राण गेला त्या खाटेशी जायचं, जमिनीवर दारू शिंपायची, नावानं हाक मारायची, लुगड्याच्या टोकाला गाठ मारायची आणि निघायचं. एकदा गाठ मारली की घरी पोहोचेपर्यंत जिवंत माणसाशी बोलायचं नाही, मागं वळून बघायचं नाही, लुगडं खाली ठेवायचं नाही. बोलायचं ते फक्त तिच्याशी. गाडीत तिची जागा वेगळी घ्यायची. पूल आला, नदी आली की तिला सांगायचं, नाहीतर मेलेलं माणूस पाण्यापाशी अडून राहतं.

"आणि नवऱ्याची हाक एकदाच," तोग्बे म्हणाले. "चुकली तर वर्ष फिरल्याशिवाय दुसरी मारता येत नाही."

अग्बेको कुमासीला पोहोचला तेव्हा दुपार कलली होती. लॉज शोधायला वेळ लागला नाही, हमालानं हातानंच दाखवला. दुमजली, हिरव्या रंगाचा, ताजा रंग दिलेला. आत टेबलामागे एक जाड बाई शेंगा सोलत बसली होती. एसीनाम जिच्याबद्दल बोलायची ती मालकीण हीच असणार, मामे सेरवा. दर खेपेला तिच्यासाठी एसीनाम एक जुडी वेगळी काढून ठेवायची.

"खोली पाहिजे," तो म्हणाला. त्याला तिकडची भाषा मोडकीतोडकीच यायची. "कनान."

शेंग सोलता सोलता तिचा हात थांबला. "कनानच का?"

"माझी बायको तिथं उतरायची. एसीनाम. कांदेवाली."

"इथं पन्नास कांदेवाल्या येतात."

"तुम्ही तिला समुद्राची म्हणायचात. ती तुम्हाला कांदे द्यायची."

मामे सेरवानं टोपली बाजूला सरकवली. "हं. ती. देव तिला शांती देवो. तिला इथून दवाखान्यात नेलं होतं, दादा. तिथं गेली बिचारी. इथं काही झालं नाही."

"आमच्या ट्रकवाल्यानं उचललं तिला. खाटेवरून. गार पडली होती."

"ट्रकवाले काय, काहीही बोलतात." तिनं आजूबाजूला पाहिलं. बाकावर दोन गिऱ्हाईकं बसली होती. तिनं आवाज खाली आणला. "हे बघा, मला लॉज चालवायचाय. तुम्हा समुद्राकडच्या लोकांची हाका मारायची, गाठी मारायची पद्धत मला माहीत आहे. इथं तसलं काही चालणार नाही."

"मी फक्त झोपणार आहे."

"झोपायला कनानच कशाला?"

"तिला दुसऱ्या खोलीत झोप लागत नव्हती," अग्बेको म्हणाला.

बाईनं पुन्हा एकदा बाकाकडे पाहिलं. मग तिनं खिळ्यावरची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "वर जा. जिन्याजवळची पहिली. दारावर लिहिलंय."

दारावर लिहिलं होतं. पांढऱ्या पाटीवर निळी अक्षरं, कनान. आत एक खाट, एक प्लॅस्टिकची खुर्ची, एक बादली, भिंतीवर हलणारा पंखा. खिडकी उघडली तर समोर शेजारच्या इमारतीची भिंत, हात लांबवला तर लागेल एवढी जवळ. भिंतींना नवा रंग. गादीवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. त्यानं गादीवर हात ठेवला. ती झोपली होती ती ही गादी नव्हे, एवढं कळत होतं. पण खाट तर तीच असेल. गादी फेकतात, खाट कोण फेकतं?

तो खाटेवर बसला नाही. जमिनीवर पिशवी टाकून त्यावर बसला.

"आलो गं," तो म्हणाला. "उशीर झाला. पुरायचं होतं, मग माणसं होती घरात."

पंखा एकदा इकडे, एकदा तिकडे वळत होता.

"राहिलेले कांदे बहिणीनं काढले तुझ्या. तू बांधतेस तशा जुड्या तिला जमत नाहीत. सुटतात."

गिरणीचा आवाज येत नव्हता. त्यानं कान दिला. कुठूनतरी लांबून घरघर आल्यासारखी वाटली, मग तीही विरली. तो खाली गेला.

"गिरणी चालत नाही का?"

"कुठली गिरणी?" मामे सेरवा म्हणाली. मग शेंगा चाळत म्हणाली, "असते कधी चालू, कधी बंद. तुम्हाला दळायचंय का?"

बाकावरचा एकजण हसला. अग्बेको परत वर आला. बंद असेल, त्यानं स्वतःला समजावलं. वीज गेली असेल त्या बाजूची. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला आपली खोली चुकली असं वाटून घेणं परवडत नाही. पाटी होती, नाव होतं, खाट होती. तो खाटेच्या पायाशी आडवा झाला आणि खाट तिच्यासाठी मोकळी ठेवली.

सकाळी उजाडताच त्यानं तोंड धुतलं, तिचं लुगडं खांद्यावर घेतलं, बाटली उघडली. जमिनीवर दारू शिंपली. खाटेच्या उशाशी उभा राहिला.

"एसीनाम," तो म्हणाला. "एसीनाम, मी अग्बेको. घरी चल. एसीनाम, ऊठ, घरी चल आता."

त्याला वाटलं होतं काहीतरी कळेल. अंगावर काटा येईल, खांदा जड होईल. तोग्बे म्हणाले होते, वजन कळतं. त्याला काहीच कळलं नाही. दारूचा वास आला आणि भिंतीच्या रंगाचा वास आला. बाहेर कुणीतरी बादली घसटत नेली. तो तसाच उभा राहिला. मग त्यानं लुगड्याच्या टोकाला गाठ मारली, कारण गाठ मारल्याशिवाय परत जाणं त्याला शक्यच नव्हतं.

तो बाहेर पडला. समोरून मामे सेरवा हातात केंके घेऊन येत होती, मक्याच्या आंबवलेल्या पिठाचं, पानात बांधलेलं, गरम.

"खाऊन निघा, दादा. रस्ता लांब आहे."

तो तिच्या बाजूनं निघून गेला, तिच्याकडे न बघता. तिनं खांद्यावरचं लुगडं पाहिलं, गाठ पाहिली.

"केलंतच ना शेवटी," ती म्हणाली. "मला माहीतच होतं."

तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर पोहोचला होता.

"अहो." मागून तिचा आवाज बदलला. "अहो, थांबा. ती खोली नाही."

अग्बेकोचा पाय पायरीवर तसाच राहिला. वळावंसं त्याच्या मानेला वाटलं. त्यानं कठड्याला घट्ट धरलं. वळला आणि ती मागं असली, तर इथंच सुटेल. न वळता गेला आणि ती मागं नसली, तर तिला इथंच टाकून जाईल. विचारायचं तर तोंड बांधलेलं.

मग त्याला सुचलं ते त्यानं केलं.

"एसीनाम," तो समोरच्या भिंतीकडे बघत मोठ्यानं म्हणाला, "ही बाई काय म्हणते गं? मला कनान म्हणून किल्ली दिली आणि आता म्हणते ती नाही. मग तू कुठं होतीस, ते तरी तिला माहीत आहे का?"

मामे सेरवाला समजलं. तिच्याकडेही असल्या गोष्टी होत्या, चर्चला जाते म्हणून काय झालं. ती त्याच्या पाठीशी येऊन बोलायला लागली. पुढं गेली नाही.

"पाट्या बदलल्या मी. लोकांना कळलं होतं कनानमध्ये बाई गेली म्हणून. कुणी त्या खोलीत राहीना. मग त्या बाजूलाच कुणी राहीना. पाद्र्यांना बोलावून पाणी शिंपून घेतलं, रंग दिला, पाट्या अदलाबदल केल्या. तिची खोली त्या टोकाला, गिरणीच्या वर. आता गोशेन लिहिलंय त्यावर."

"एसीनाम, हिनं काल का नाही सांगितलं?"

"काल बाकावर माणसं बसली होती."

"एसीनाम, विचार तिला, तू एकटी होतीस का गं?"

मामे सेरवानं केंके दुसऱ्या हातात घेतलं. "सकाळी पाण्याला आली नाही म्हणून मी गेले. कडी ढकलून आत गेले. झोपल्यासारखीच होती. डोळे मी मिटले. तिच्या अंगावर माझी चादर घातली. चादर परत आली नाही, असू दे."

अग्बेकोनं कपाळ कठड्यावर टेकलं. त्याला मागं फिरायचं होतं, आणि मागं फिरता येत नव्हतं. म्हणून तो जिना उतरला. समोरच्या दारानं बाहेर पडला, अंगणातून इमारतीला वळसा घातला, धुणं वाळत घातलं होतं त्याखालून वाकून गेला. मागच्या बाजूला लोखंडी जिना होता. त्यावरून तो वर चढला. अशानं तो एकदाही न वळता त्याच माडीवर, दुसऱ्या टोकाशी आला. इथं गिरणीचा आवाज होता. पायाखालची फरशी बारीक थरथरत होती. दारावर गोशेन लिहिलं होतं, आणि पाटीच्या खाली जुन्या चार खिळ्यांची भोकं होती.

दाराला कुलूप होतं. लॉजचं नव्हे. मोठं, पितळी, गिऱ्हाइकानं स्वतः आणलेलं.

मामे सेरवा आतल्या बाजूनं धापा टाकत येऊन पोहोचली. "महिन्याच्या बोलीनं दिलीय. बाहेरगावच्या माणसाला, त्याला काही ठाऊक नाही. टायर विकतो. टेचिमानच्या बाजाराला गेलाय, सोमवारी येईल. किल्ली त्याच्याकडेच."

"एसीनाम, सोमवारी चालणार नाही. शनिवारी माणसं जमणार आहेत."

"मग मी काय करू?"

"एसीनाम, बाजूला हो," तो म्हणाला आणि त्यानं दाराला खांदा लावला.

पहिल्या धक्क्याला दार हललं. दुसऱ्याला चौकटीवरचा रंग उडाला. मामे सेरवानं त्याचा सदरा धरला. "आत त्याचा माल आहे, दादा. दार मोडलंत तर तो पोलिसांत जाईल. पोलीस विचारतील का मोडलं. मग सगळ्या ट्रकतळाला पुन्हा कळेल. मी काय खाऊ?" तो ऐकत नव्हता. तो आता खांद्यानं नाही, मुठीनं मारत होता, आणि प्रत्येक ठोशाला तिचं नाव घेत होता. आजूबाजूच्या दारांतून माणसं बाहेर आली. बनियनवरचा एक ड्रायव्हर आला, त्यानं अग्बेकोला मागून कव घातली.

"काय झालंय याला?"

"बायको गेलीय त्याची," मामे सेरवा म्हणाली.

"मग इथं काय शोधतोय?"

मामे सेरवानं आजूबाजूला पाहिलं. माणसं बघत होती. ती म्हणाली, "डोकं ठिकाणावर नाही. सोडा त्याला, शांत होईल."

ड्रायव्हरनं सोडलं. अग्बेकोच्या हाताची सालटी निघाली होती. त्यानं लुगडं तपासलं, ते खांद्यावरच होतं, खाली पडलं नव्हतं. त्यानं पिशवीतून बाटली काढली, तळाशी थोडी दारू होती ती दारासमोर शिंपली. दाराला तोंड लावलं. गिरणी एवढी घरघरत होती, की त्याला ओरडावं लागलं, ती फोनवर ओरडली होती तसंच.

"एसीनाम. मी आहे. कुलूप लावलंय बाहेरून, मला उघडता येत नाही. तू ये. जसं येता येईल तसं ये. घरी चल."

आतून फक्त टायरांचा वास येत होता. त्यानं पहिल्या गाठीशेजारी दुसरी गाठ मारली आणि लोखंडी जिना उतरून चालू लागला. मागून मामे सेरवा म्हणाली, "तुमचं केंके." तो थांबला नाही.

गाडीत त्यानं दोन बोटं दाखवून दोन जागा घेतल्या होत्या. एका जागेवर लुगडं धरून बसला. वाटेत एक बाई टोपली घेऊन चढली, तिनं मोकळी जागा पाहिली.

"जरा सरकून घ्या की. रिकामी जागा कशाला अडवलीत?"

"एसीनाम," अग्बेको खिडकीकडे बघत म्हणाला, "आत सरकून बस. ही बाई तुझ्या मांडीवर बसेल."

कंडक्टरनं गाठींकडे पाहिलं आणि बाईला दंडाला धरून मागं नेलं. "चल मावशी, तिथं माणूस बसलंय." गाडीतला रेडिओ कुणीतरी बंद केला. मग कुणीच मोठ्यानं बोललं नाही. सगळ्यांना वाटत होतं तिथं कोणीतरी बसलं आहे. फक्त अग्बेकोला ते नक्की वाटत नव्हतं. तो अधूनमधून त्या जागेवर हात फिरवत होता. व्होल्टा नदीचा पूल आला तेव्हा त्यानं सांगितलं, "पूल आला, एसीनाम. पाणी आहे. माझा हात धर." खाडी दिसायला लागली तेव्हा सांगितलं, "आलं आपलं." कुणासाठी सांगतोय ते माहीत नसलं, तरी सांगायचं राहू नये म्हणून सांगत गेला.

शनिवारी तो पोहोचला तेव्हा अंगणात मांडव होता. खुर्च्या लावल्या होत्या, बायकांनी मोठी पातेली चढवली होती. तोग्बे लुमोरांनी त्याच्या खांद्यावरून लुगडं दोन्ही हातांनी घेतलं आणि गाठी चाचपल्या.

"दोन का?"

आता त्याला बोलायला मुभा होती. त्यानं सगळं सांगितलं, पाट्या, कुलूप, टायरवाला. सांगताना त्याचा आवाज कापला नाही. शेवटी म्हणाला, "दाराबाहेरून हाक मारली, तोग्बे. मोठ्यानं मारली."

तोग्बेंनी दोन्ही गाठी सोडल्या. लुगडं झटकलं. बराच वेळ हातात धरून बसले.

"दाराबाहेरून हाक मारली, तर माणूस दारापर्यंत येतं," ते हळू म्हणाले. "दार उघडणं त्याच्या हातात नसतं."

"म्हणजे आली नाही."

"उठली असेल. दाराशी उभी असेल."

"मग मी परत जातो. सोमवारी तो टायरवाला येणार आहे."

"तुझी हाक झाली, बाबा. आता वर्ष फिरू दे."

"वर्षभर ती दाराशी उभी राहील?"

तोग्बेंनी पाणी मागितलं आणि जमिनीवर सोडायला सुरुवात केली. आपल्या आईचं नाव घेतलं, भावांची नावं घेतली, मागच्या साली खाडीत गेलेल्या पुतण्याचं नाव घेतलं. अग्बेको प्रत्येक नावाला मान हलवत होता. नावं संपली, एसीनामचं आलं नाही. पातेली उतरवली, माणसं जेवली, कारण जमली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाफ्यांवर गेला आणि पाणी घालायला लागला. कुमासीच्या त्या खोलीला अजून टायरवाल्याचं कुलूप आहे. एसीनामला घरी आणायचं राहिलं आहे.